बाण वर की खाली?

ज्या बाईला रडतं मूल काखेत धरून, दुसऱ्या हाताने दूध कोमट झालं की नाही ते बघत, पायाच्या अंगठ्याने जमिनीवरच्या पंख्याचं बटण बंद करता येतं, तिच्यासाठी गाडीचा फिल्टर बदलणं म्हणजे हातचा मळ! हे वाक्य मी मंगळवारी सकाळी, चहाच्या टेबलावर, घरातल्या चारही माणसांसमोर ठणकावून म्हटलं. त्यातलं एक माणूस दहा महिन्यांचं होतं. त्याने टाळ्या वाजवल्या. उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

फिल्टर म्हणजे कुठला, ते आधी सांगते, कारण परवापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. गाडीच्या एसीतून जी हवा आपल्या तोंडावर येते ना, ती एका घड्याघड्यांच्या कागदी चौकटीतून गाळून येते. चहाची गाळणी असते तशी ही हवेची गाळणी. समोर गाडीची कागदपत्रं ठेवायचा कप्पा असतो, त्याच्या मागे ती दडून बसलेली असते. ती कळकट झाली की गाडीत ओल्या मोज्याचा वास येतो. आमच्या गाडीत एक मोजा नाही, मोज्यांचं अख्खं कुटुंब राहायला आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बसा नाक दाबून! पण आमची गाडी ही नुसती गाडी नाही हो. तो पाळणा आहे.

आमची लेक झोप आली की गुणगुणते, म्हणून ती भुंगी. पण गुणगुणते म्हणजे झोपते असं नाही. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, आजीच्या अंगाईने तर मुळीच नाही. आजीच्या अंगाईने आजोबा झोपतात. भुंगी दुपारची झोपते ती फक्त गाडीत. मागच्या सीटवर तिची छोटी खुर्ची, एसीचा वारा आणि कॉलनीला फेऱ्या. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीला मान कलते, ओठांचा चंबू होतो आणि घट्ट मिटलेली मूठ सुटते. मग मी गाडी बिल्डिंगमागच्या झाडाखाली उभी करते, एसी तसाच ठेवते, आणि पुढची दुपार माझी! तेवढ्या वेळात मी वाचते, लिहिते, नखं कापते. एकदा तर नुसतीच समोरच्या भिंतीकडे बघत बसले. काय सुख होतं!

गाडी तशी जुनी. एसी लावला की आतून टर्रर्र… टक, टर्रर्र… टक असा आवाज यायचा. नवऱ्याला त्याचा भयंकर राग. ‘आत बसून कुणीतरी पत्ते पिसतंय,’ म्हणायचा.

तर त्या मंगळवारी दुपारी माझ्या जुन्या ऑफिसातल्या मॅडमचा फोन येणार होता. भुंगीच्या आधी मी त्यांच्या हाताखाली काम करत होते. जागा रिकामी झाली आहे, घरून अर्धा दिवस काम जमेल का, जरा बोलू या, असा निरोप होता. ‘जमेल का’ म्हणजे काय, ते मला बरोबर कळत होतं. मूल मध्येच रडेल का? मागे एका दुसऱ्या ऑफिसचा असाच फोन आला होता, तेव्हा सगळी उत्तरं माझ्या वतीने भुंगीने दिली. त्या लोकांचा पुन्हा फोन आला नाही.

म्हणजे मंगळवारी दुपारी भुंगी झोपायलाच हवी होती. आणि सोमवारी काय झालं? गाडीत तिचा मस्त डोळा लागला, तेवढ्यात एसीतून धुळीचा भपकारा आला. भुंगी शिंकली. स्वतःच्याच शिंकेने दचकून जागी झाली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू शिंकले मी होते!

नवा फिल्टर घरात होता. नवऱ्याने महिन्यापूर्वीच आणला होता. ‘या रविवारी बदलतो.’ त्याचे असे बरेच रविवार आमच्या फडताळात साठलेत.

“मी आजच बदलते,” मी म्हटलं.

नवरा मोजे चढवताना थांबला. “तू? अगं राहू दे, मी रविवारी—”

“कुठल्या?”

तो मोजे चढवून ऑफिसला गेला.

मी काही अडाणीपणाने कामाला हात घातला नव्हता. मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता. दोनदा! फक्त भुंगी मांडीवर पेंगत होती, म्हणून आवाज बंद करून. त्यातला माणूस फार हसरा होता. त्याने कप्पा उघडला, काढला, जुना फिल्टर ओढला, नवा दाखवला, मग एक बोट वर करून डोळे वटारून काहीतरी बजावलं, फिल्टर आत सरकवला आणि शेवटी कानाला हात लावला. कानाला हात का लावला, ते कळलं नाही. मला वाटलं, पुन्हा असलं काम करणार नाही म्हणतोय.

झाडाखाली सतरंजी टाकली. सासूबाई भुंगीला घेऊन सतरंजीवर बसल्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्या मदतीला आले. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे ते कुठल्याही कामाआधी हात मागे बांधून त्या कामाभोवती एक प्रदक्षिणा घालतात. तशी त्यांनी गाडीभोवती घातली.

“गाडीचं तोंड पश्चिमेला आहे,” ते म्हणाले.

“बरं,” मी म्हटलं.

पहिलं काम म्हणजे कप्पा रिकामा करणं. कप्पा कसला, खजिनाच! भुंगीचे चार मोजे, एकाशी एक न जुळणारे. तिच्या बिस्किटांचे तुकडे. एक खुळखुळा. तीन छत्र्यांची तीन आवरणं, छत्री एकही नाही. आणि सगळ्यात तळाशी, रुमालात गुंडाळलेला, सासूबाईंचा वाचायचा चष्मा!

“हा इथे?” सासूबाई सतरंजीवरून कडाडल्या. “आणि तुम्ही मला म्हणालात, तू कुठेही ठेवतेस!”

“मग ठेवलासच की कुठेही,” बाबा म्हणाले.

“मी नाही! तुम्हीच त्या दिवशी ‘दे, मी जपून ठेवतो’ म्हणून घेतलात!”

“मग जपूनच आहे ना?”

बाबांचं हे ‘जपून ठेवणं’ ध्यानात असू द्या. माझ्या ते राहिलं नाही.

कप्प्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळं बटण होतं. प्लास्टिकचं, बोराएवढं. ती दोन बटणं कप्पा अडवून धरतात. पिरगाळून काढली की कप्पा खाली लोंबकळतो. मी पिरगाळली, बाजूला ठेवली, कप्पा धाडकन माझ्या गुडघ्यावर पडला आणि मागे ती सुप्रसिद्ध चौकट दिसली. मी ती ओढली.

काय वर्णन करू! जळलेल्या तव्याला घड्या घातल्या तर कसा दिसेल, तसा तो फिल्टर. त्यात वाळलेली पानं, एक पीस, दोन मेलेले किडे आणि कुठल्यातरी लग्नातला चकचकीत कागद.

“ह्यातून आपण श्वास घेत होतो?” सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

“नाही आई, ह्यात अडकून जे उरलं ते आपण घेत होतो.”

मग मी मोबाईलचा उजेड त्या पोकळीत टाकला. खाली एसीचा पंखा होता, डब्यासारखा गोल, बारीक बारीक पात्यांचा. आणि त्याच्या कडेला, पात्यांना टेकून, एका पानाचं वाळकं ताठ देठ अडकलं होतं!

“सापडला!” मी ओरडले. “टर्रर्र-टकवाला सापडला!”

भुवयांच्या चिमट्याने मी ते देठ असं अलगद ओढलं, की एखाद्या डॉक्टरने बघितलं असतं तर मला सोबत घेतलं असतं. नवऱ्याला जे इतक्या रविवारांत जमलं नाही, ते मी सकाळच्या कामातलं काम म्हणून करून टाकलं! देठ सासूबाईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट बघितलं आणि फुंकर मारून उडवून दिलं. ते झाडाखालच्या हजारो वाळक्या पानांत जाऊन पडलं.

आता नवा फिल्टर. पांढराशुभ्र, नव्या वहीसारखा. त्याच्या कडेवर एक काळा बाण होता.

मी फिल्टर उचलला, पोकळीपाशी नेला आणि थांबले. बाण कुठे? वर? खाली? मग आठवलं, व्हिडिओतल्या माणसाने बोट वर करून डोळे वटारले होते, ते इथेच! पण तो बोट वर करून ‘वर’ म्हणत होता, की बोट वर करून ‘खबरदार, वर नाही’ म्हणत होता? आता पुन्हा व्हिडिओ लावावा, तर झाडाखाली नेटच नाही. नुसतं चक्र फिरत होतं. त्याच्याकडे बघून माझंही डोकं फिरायला लागलं.

“जुना कसा होता?” बाबांनी विचारलं.

जुन्याचा बाण शोधायला गेले, तर तो इतका काळा होता की सगळाच बाण वाटत होता.

“बाण म्हणजे उत्तर,” बाबा ठामपणे म्हणाले.

“कशाचं उत्तर?”

“दिशा गं! नकाशावर बाण असतो तो उत्तरेचा. जगात कुठेही जा.”

“बाबा, हा नकाशा नाही, गाळणी आहे.”

“बाण तो बाण.”

“आणि गाडी वळवली की? प्रत्येक वळणाला खाली उतरून फिल्टर फिरवायचा का?”

बाबा विचारात पडले. ते हा प्रश्न झटकून टाकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो झटकला नाही. ते पुन्हा प्रदक्षिणेला निघाले.

मी शहाण्यासारखं नवऱ्याला विचारायचं ठरवलं. घराकडे थोडं सरकल्यावर नेट आलं. फोन उचलला नाही, मीटिंगमध्ये असणार. मग लिहिलं, ‘बाण वर की खाली?’ लगेच उत्तर आलं. उत्तर म्हणजे शब्द नाही, नुसता एक पिवळा अंगठा. आकाशाकडे रोखलेला.

किती मोजकं, किती स्वच्छ उत्तर! सात वर्षांच्या संसारात त्याने माझ्या एका प्रश्नाला पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं होतं. बाण वर! मी फिल्टर सरकवला, झाकण लावलं आणि गाडी सुरू केली.

“बाबा, जरा बघा ना हवा कशी येते.”

बाबांनी जाळीसमोर तोंड नेलं. मी एसीचा पंखा पूर्ण फिरवला. भस्स! आतली जी काही धूळ जुन्या फिल्टरच्या आधाराने इतकी वर्षं सुखाने नांदत होती, ती सगळी बाबांच्या चेहऱ्यावर आली. त्यांनी डोळे मिटलेले होते म्हणून बरं. धूळ खाली बसली तेव्हा बाबांच्या पांढऱ्या मिशा काळ्याभोर झाल्या होत्या.

सासूबाई चष्म्यातून एकटक बघत राहिल्या.

“राहू देत,” त्या हळूच म्हणाल्या. “लग्नात अशाच होत्या.”

बाबा लाजले. हवा स्वच्छ येत होती. ओले मोजे गेले. टर्रर्र-टक गेलं. गाडी इतकी गुपचूप झाली की सुरू आहे की बंद, कळेना. मी दोन्ही हात कमरेवर ठेवले. आता कप्पा बसवला की आवरलं! काळं बटण घेतलं, एका बाजूला पिरगाळून बसवलं. दुसरं घ्यायला हात घातला.

दुसरं नव्हतं.

सीटवर नाही, सीटखाली नाही, सतरंजीवर नाही. आणि सतरंजीवर भुंगी बसली होती. तिचे दोन्ही गाल हलत होते.



“आई! तिच्या तोंडात काय आहे?”

“तोंडात? काही नाही! मी इथेच तर—” आणि सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला, कारण त्या मघापासून भुंगीकडे नाही, मिशांकडे बघत होत्या.

मी झेप घेतली. भुंगीच्या तोंडात बोट घातलं. भुंगीने ते कडकडून चावलं. तिला नवीन दोन दात आलेत आणि त्यांचा तिला फार अभिमान आहे. “आ कर, राणी, आ कर!” मी ओरडतेय, सासूबाई तिची पाठ थोपटतायत आणि कुठल्या देवाला काय कबूल करतायत ते त्यांचं त्यांना माहीत. भुंगीला वाटलं खेळ चाललाय. ती ओठ घट्ट मिटून हसायला लागली. शेवटी तिला शिंक आली, तोंड उघडलं आणि बाहेर आलं कप्प्यातलं जुनंपुराणं बिस्कीट. बटण नाही!

“गिळलं!” मी तिला उचलून घेतलं. “गिळलं तिनं! डॉक्टरांकडे चला!”

“काय गिळलं?” बाबा प्रदक्षिणा पुरी करून येत होते.

“बटण! ते काळं बटण!”

“हे?” बाबांनी शर्टाच्या खिशातून बटण काढलं. “हे मी जपून ठेवलं होतं. हरवायला नको म्हणून.”

त्यानंतर सासूबाई बाबांना जे म्हणाल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी भुंगीला छातीशी धरून बसले होते. माझं काळीज धडधडत होतं आणि भुंगी त्या ठेक्यावर डोकं हलवत गुणगुणत होती. पोरीला कशाची म्हणून फिकीर नाही.

एवढ्यात दुपार झाली. कप्पा बसवायला वेळ राहिला नाही, तो लोंबकळत राहिला. बटण बाबांच्या खिशातच राहिलं. भुंगीचं खाणं झालं, लंगोट बदलला, डोळे चोळून झाले. मी तिला खुर्चीत बसवलं. सासूबाई तिच्याशेजारी, बाबा माझ्या बाजूला, कप्पा त्यांच्या गुडघ्यावर. निघाली वरात!

पहिली फेरी. वॉचमनकाकांनी सलाम केला. भुंगी खिडकीतून बघत होती.

दुसरी फेरी. काकांनी सलाम केला. भुंगीने डोळे आणखी मोठे केले.

तिसरी, चौथी. काकांनी हात अर्ध्यात आणला आणि खाली सोडला. पाचव्या फेरीला ते मध्ये येऊन उभे राहिले. “ताई, काही हरवलंय का?”

“झोप!” मी म्हटलं आणि पुढे गेले.

मला काही कळेना! हवा स्वच्छ, वास नाही, शिंक नाही, मोजे कोरडे, पोट भरलेलं. मग ही झोपत का नाही? सासूबाईंनी अंगाई म्हणून बघितली. बाबांची मान कलली. मी आरशात बघितलं. भुंगी टक्क जागी होती, आणि तिचा चेहरा… कसं सांगू? आपण रोजच्या दुकानात जावं आणि तिथे भलतंच दुकान निघावं, तसा. ती एसीच्या जाळीकडे बघत होती.

मग ती गुणगुणली. “म्म्म्म्म…” आणि जीभ टाळूला लावून म्हणाली, “टक.”

थांबली. जाळीकडे बघत राहिली. पलीकडून कुणीतरी उत्तर देईल म्हणून. पुन्हा, “म्म्म्म्म… टक.” पुन्हा थांबली. खालचा ओठ हळूहळू बाहेर यायला लागला.

मी गाडी थांबवली.

देवा! ज्याला आम्ही बिघाड म्हणत होतो, ती हिची अंगाई होती! रोज दुपारी ती त्या आवाजाशी बोलत बोलत झोपत होती, आणि मी, तिच्या सख्ख्या आईने, भुवयांच्या चिमट्याने तिचा सवंगडी ओढून काढला होता! व्हिडिओतल्या माणसाने कानाला हात का लावला, ते मला तेव्हा कळलं. ‘आता ऐका, आवाज गेला!’ असंच सांगत असणार बिचारा.

“देठ!” मी ओरडले. “आई, ते देठ कुठे टाकलंत?”

गाडी परत झाडाखाली. तिथे तर देठच देठ! सासूबाई, चष्मा असूनही, हाताने चाचपत देठं आणून देऊ लागल्या. मी फिल्टर पुन्हा काढला. एक देठ लावलं, ते मोडलं. दुसरं लावलं, ते उडून गेलं. तिसरं इतकं हिरवं की नुसतं वाकून नमस्कार करत राहिलं. मागे भुंगीने रडायचा पहिला सूर लावला, तशा सासूबाई देठं टाकून तिच्याशेजारी जाऊन बसल्या. आणि माझा फोन वाजला.

मॅडम!

“बाबा, तुम्ही बघा काहीतरी!” मी कुजबुजले, घसा साफ केला, आणि जगातल्या सगळ्यात निवांत बाईच्या आवाजात म्हटलं, “नमस्कार मॅडम, बोला ना!”

“वेळ बरी आहे ना?” मॅडम म्हणाल्या.

“उत्तम!” मी म्हटलं. बाबांचं डोकं कप्प्याच्या जागी आत गेलेलं होतं. नुसते पाय दिसत होते.

“घरून काम करताना अचानक अडचण आली, तर कशी सोडवता तुम्ही?”

“आधी शांतपणे बघते,” मी म्हटलं, “आणि मग ती जशी होती, तशी परत करून ठेवते.”

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे?”

त्याच क्षणी बाबा बाहेर आले. त्यांनी नव्या फिल्टरच्या खोक्याची एक पट्टी फाडून पंख्याच्या कडेला चिकटवली होती आणि फिल्टर आत ढकलला होता. मी पंखा लावला. टर्रर्रर्र! आला! आवाज आला! भुंगीचं रडणं अर्ध्यात थांबलं. ती ऐकायला लागली. टर्रर्र… टर्रर्र… पण ‘टक’ काही येईना. भुंगीचा ओठ पुन्हा बाहेर.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. आणि माझ्या सासऱ्यांनी, ज्यांच्या एका नजरेने अख्खा वर्ग गप्प व्हायचा म्हणतात, त्यांनी जीभ टाळूला लावली.

टर्रर्र… “टक.”

टर्रर्र… “टक.”

भुंगीच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की मी मॅडमचा पुढचा प्रश्न ऐकलाच नाही.

“हॅलो? मागे आवाज कसला येतोय?”

“गाडीचा एसी, मॅडम. मी गाडीत आहे.”

“आणि मुलगी?”

आरशात बघितलं. मान कलली होती. ओठांचा चंबू झाला होता. आजीचं बोट मुठीतून सुटलं होतं. “झोपलीय,” मी म्हटलं.

“मग ते मध्येच ‘टक’ कोण करतंय?”

खोटं बोलायचं सुचलंच नाही. “ते माझे सासरे.”

“सासरे? ते का?”

“सध्या गाडीचा सुटा भाग आहेत, मॅडम.”

आता संपलं, असं मला वाटलं. मग मॅडम हसायला लागल्या. अशा हसल्या, की त्यांच्या मागे कुणीतरी ‘काय झालं, काय झालं’ विचारलेलं मला ऐकू आलं. “माझा मुलगा मिक्सर लावल्याशिवाय झोपत नसे,” त्या म्हणाल्या. “रिकामा मिक्सर! दोन जळले.” मग म्हणाल्या, पुढच्या आठवड्यापासून सुरू करा, दुपारचे तास धरा. आणि फोन ठेवता ठेवता अगदी मायेने, “त्या एसीचा मात्र फिल्टर बदलून बघा हं. फार सोपं असतं. घरच्या घरी होतं.”

संध्याकाळी नवरा आला. किल्ली फिरवली, ऐकलं आणि खाली उतरला. “टर्रर्र अजून आहेच की! फिल्टर बदललास ना?”

“बदलला!”

“बाण खाली ठेवलास ना? हवा वरून खाली जाते आपल्या गाडीत.”

“तूच तर म्हणालास वर!”

“मी? कधी?”

मी त्याच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरला. पिवळा अंगठा.

“अगं, तो ‘बघितलं, मीटिंग संपली की बोलतो’ असा अंगठा आहे!”

“अंगठ्याला एवढं बोलता येतं?”

“बरं, मग आत्ता बाण वर आहे का?”

“मी वरच ठेवला होता,” मी म्हटलं.

“मी नंतर उत्तरेला केला,” बाबा म्हणाले.

“त्याच्या आधी मी एकदा घेऊन झटकला,” सासूबाई म्हणाल्या, “आणि हिच्या हातात दिला. सरळ दिला की उलटा, ते नाही आठवत.”

नवऱ्याने बाह्या वर सारल्या. “थांबा, मी उघडून बघतो आणि ती टर्रर्रही काढतो—”

“हात लावशील तर!” आम्ही तिघं एका सुरात ओरडलो. वॉचमनकाका धावत आले.

तेव्हापासून ती गाळणी कुणी उघडलेली नाही. बाण कुठे आहे, ते देव जाणे. रोज दुपारी भुंगी मागे झोपते, मी पुढे मांडीवर काम घेऊन बसते आणि बाजूला बाबा असतात, ड्युटीवर. त्यांचाही हल्ली डोळा लागतो, पण जीभ इमानदार आहे, झोपेतही ठेका सोडत नाही. आज काम लवकर आवरलं, म्हणून हे तुमच्यासाठी लिहायला घेतलं. इंजिन बंद आहे, नुसता पंखा चालू ठेवलाय. असं केलं की बॅटरी उतरते म्हणून नवऱ्याने बजावलं होतं खरं, पण इतक्या लहानशा पंख्याला अशी कितीशी बॅटरी लागणार? गाडीतलं तेवढं मला कळ…

टर्र… ट… र्…

बाबा! बाबा, उठा! ‘टक’ तुम्ही म्हणा, ‘टर्रर्र’ मी म्हणते!